६४ जीबीचा लॅपटॉप: जागा कुठे जाते आणि ती परत कशी मिळवायची

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की बहुतेक जण आधी फोटो उडवायला घेतात. तीन-चारशे फोटो घालवल्यावर जेमतेम एक जीबी मोकळा होतो आणि पुढचं विंडोज अपडेट तोही खाऊन टाकतं. इतक्या कमी जागेत नुसती साफसफाई पुरत नाही. लॅपटॉपच्या आत काय राहणार आणि बाहेर काय जाणार, हे एकदा बसून ठरवावं लागतं. माझ्या मते आत फक्त तीन गोष्टी असाव्यात: विंडोज, रोज लागणारे मोजके प्रोग्राम आणि सध्या ज्यांच्यावर काम चालू आहे त्या फाइली. बाकीच्या सगळ्यासाठी बाहेर जागा शोधायची.

खालच्या पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० वर काही नावं इकडची तिकडे असतील, पण बहुतेक सोयी तिथेही आहेत. क्रम मात्र शक्यतो बदलू नका. मोजायच्या आधी उडवायला गेलं की हवं ते जातं आणि नको ते राहतं.

आपल्याकडे नक्की काय आहे?

स्वस्त लॅपटॉपमध्ये दोन प्रकारचं स्टोरेज सापडतं. पहिलं ईएमएमसी. ही चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, ती काढून मोठी बसवता येत नाही. ती साधारण ३२, ६४ किंवा १२८ जीबीची असते. दुसरं एसएसडी. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती स्क्रूने बसवलेली असते आणि बदलता येते. तुमच्याकडे कोणतं आहे हे कळायला स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्क ड्राइव्हज या ओळीखाली दिसणारं मॉडेलचं नाव इंटरनेटवर शोधा. हे आत्ताच करून ठेवा, कारण शेवटचा निर्णय यावर ठरतो.

खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि स्क्रीनवर ५८ च्या आसपास आकडा दिसतो. यात कुणी फसवलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. त्या हिशेबाने ६४ चे ५९.६ होतात. उरलेली थोडी जागा बूट आणि रिकव्हरी पार्टिशनकडे, म्हणजे लॅपटॉप सुरू करण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी ड्राइव्हवर वेगळ्या काढलेल्या भागांकडे जाते. जागा कमी पडते म्हणून रिकव्हरी पार्टिशन उडवण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नका. पाऊण-एक जीबीसाठी अडचणीच्या वेळची दुरुस्तीची सोय घालवायची नसते.

विंडोज स्वतः २० ते ३० जीबी घेतं. म्हणजे ६४ च्या लॅपटॉपवर तुमच्या हातात खरी जागा येते ती तीस जीबीच्या आसपास. त्यातलीही थोडी कायम रिकामी ठेवावी लागते. ईएमएमसी असो की एसएसडी, फ्लॅश स्टोरेज काठोकाठ भरलं की लिहिण्याचा वेग पडतो आणि अपडेटलाही हातपाय हलवायला जागा उरत नाही. ६४ च्या लॅपटॉपवर मी १० जीबी मोकळे असावेत म्हणतो.

मोजल्याशिवाय काही उडवू नका

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग स्टोरेज उघडा. थोडं थांबलात की प्रकारवार पट्ट्या दिसतील. खाली ‘शो मोअर कॅटेगरीज’ दाबा, म्हणजे सगळं समोर येईल. त्यातली ‘सिस्टिम अँड रिझर्व्हड’ ही ओळ उघडून नीट वाचा. सिस्टिमच्या फाइली किती, अपडेटसाठी राखून ठेवलेली जागा किती, व्हर्च्युअल मेमरी (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) किती, हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप बंद होताना चालू काम जिच्यात साठवलं जातं ती) किती, हे तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं. हे आकडे कागदावर टिपून ठेवा, पुढे लागतील.

हे चित्र अजून ढोबळ आहे. नेमकं कोणत्या फोल्डरमध्ये काय बसलंय हे बघायला विझट्री किंवा विनडरस्टॅट यांपैकी एक छोटा प्रोग्राम घ्या. विझट्री फारच झटपट आहे, कारण तो एकेक फोल्डर उघडत बसत नाही. ड्राइव्हवरची फाइलींची मूळ यादीच वाचतो. सी ड्राइव्ह स्कॅन केला की मोठ्यापासून लहानापर्यंत फोल्डर लागतात. त्यात ‘यूजर्स’, मग तुमच्या नावाचा फोल्डर, मग ‘ॲपडेटा’ असं आत जात राहा. एरवी हा ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून एक्सप्लोररमध्ये कितीही शोधलं तरी जागेचा हिशेब लागत नाही.

तिथे हमखास काय सापडतं ते सांगतो. आयफोन कधीतरी लॅपटॉपला जोडून बॅकअप घेतला असेल तर ‘मोबाइलसिंक’ नावाच्या फोल्डरमध्ये तो अख्खा बॅकअप पडून असतो. तो १०-२० जीबीचाही असू शकतो. फोन कधीच बदललेला असतो, बॅकअप तसाच राहिलेला असतो. तो फोल्डर थेट उडवू नका. ज्या ॲपने बॅकअप घेतला त्याच्या बॅकअपच्या यादीत जाऊन तिथून काढा. दुसरी गोष्ट, व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप. प्रत्येक ग्रुपवरचे व्हिडिओ फोनमध्ये येतात तसे इथेही उतरत राहतात. ॲपच्या सेटिंग्जमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. तिसरी गोष्ट, ऑनलाइन मीटिंग आणि क्लासची रेकॉर्डिंग. ती डॉक्युमेंट्समध्ये स्वतंत्र फोल्डर करून बसतात आणि कुणी तिकडे फिरकत नाही.

विझट्रीत विंडोज फोल्डरच्या आत ‘विनएसएक्सएस’ हे नाव खूप मोठं दिसेल. त्याला हात लावायचा नाही. त्यातल्या बऱ्याच फाइली सिस्टिमच्या इतर फोल्डरमध्येही दिसतात, पण डिस्कवर त्या एकदाच लिहिलेल्या असतात. त्यामुळे नुसती बेरीज केली तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. तो हाताने उडवला तर विंडोज उठणार नाही.

आधी दुसरी प्रत

ज्या फाइली परत मिळणार नाहीत, म्हणजे फोटो, दाखले, स्वतःचं लिखाण, हिशेब, त्यांची एक प्रत बाहेर गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरची हार्ड डिस्क चालेल, क्लाउड चालेल, नाहीच तर चांगला पेन ड्राइव्ह. कॉपी झाली की बाहेरच्या ठिकाणाहून चार-पाच फाइली उघडून बघा. मोठे व्हिडिओ मधूनच चालवून बघा. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल जातच नसेल तर तो बहुधा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात त्यात आधीचं काही असेल तर ते काढून घेऊन.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फाइल लॅपटॉपवरून कट करून पेन ड्राइव्हवर पेस्ट केली म्हणजे बॅकअप झाला नाही. प्रत अजूनही एकच आहे, फक्त तिची जागा बदलली आणि ती आता हरवायला सोपी झाली. जपण्यासारख्या गोष्टी दोन ठिकाणी हव्यात.

बिनधोक मोकळी होणारी जागा

आता सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्याच पानावर ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, थंबनेल्स, टेम्पररी फाइल्स यांवर निर्धास्तपणे खूण करा. मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ अशी ओळही दिसेल. हे जुनं विंडोज, सगळ्यांत जास्त जागा अडवणारं. अपडेटनंतर काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून ते १० दिवस ठेवलेलं असतं, नंतर आपोआप जातं. लॅपटॉप व्यवस्थित चालत असेल तर वाट बघायची गरज नाही. फक्त ते काढल्यावर मागचा रस्ता बंद होतो, एवढं ध्यानात ठेवा.

याच यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं. आपण घाईघाईत सगळ्यांवर खूण करतो आणि महिन्यांपूर्वी उतरवलेली मार्कशीट, तिकिटं, पावत्या एका क्लिकवर जातात. तिथे खूण करू नका. डाउनलोड्स फोल्डर स्वतः उघडा, आकारानुसार लावा आणि वरच्या वीस-पंचवीस फाइली डोळ्यांखालून घाला. एकदा चालवून झालेल्या सेटअप फाइली, एकच पीडीएफ तीनदा उतरवलेली, झिप आणि तीच उघडलेली फोल्डरं, असा ऐवज निघतो. मग रीसायकल बिन रिकामा करा. तो रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही.

त्याच पानावर ‘स्टोरेज सेन्स’ चालू करून ठेवा. टेम्पररी फाइली आणि ३० दिवसांपेक्षा जुना रीसायकल बिन तो स्वतः साफ करतो. डाउनलोड्ससाठी मात्र ‘नेव्हर’ निवडा.

ब्राउझरचा कॅश (उघडलेल्या पानांचा साठा) साफ केल्याने दोन-चार दिवसांपुरतीच जागा मिळते. तो पुन्हा भरतो, आणि भरलेला असणं पानं लवकर उघडायला बरंच असतं. त्यात वेळ घालवू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून जागा देतो म्हणणारे प्रोग्रामही टाळा. तिथून जागा मिळतच नाही, झाला तर बिघाडच होतो.

प्रोग्राम

सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स. यादी आकारानुसार लावा. लॅपटॉपसोबत आलेले ट्रायल अँटिव्हायरस, गेम, नको असलेली ॲप्स काढून टाका. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आहे, दुसरा अँटिव्हायरस नसला तरी चालतं. ज्या कामांना ब्राउझर पुरतो, त्यांचं वेगळं ॲप ठेवू नका: मीटिंग, गाणी ऐकणं, साधं लेखन, तक्ते. ऑफिसचा अख्खा संच लागतोच असं नाही. महिन्यातून एकदा एखादं पत्र लिहिणाऱ्याला वेबवरचं वर्ड पुरतं.

विंडोजने अडवलेली जागा

सुरुवातीला टिपलेले आकडे आता काढा. हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते. म्हणजे ४ जीबी रॅमला दीड जीबीच्या वर, ८ जीबीला तीनच्या वर. ती काढायची तर सर्चमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि इंग्रजीत टाइप करा: पॉवरसीएफजी हा एकच सलग शब्द, स्पेस, तिरकी रेघ आणि तिला लागून एच, स्पेस, ऑफ. एंटर दाबलं की फाइल जाते. याची किंमतही आहे. फास्ट स्टार्टअप बंद होतं, त्यामुळे लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झाकण लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी संपली तर सेव्ह न केलेलं काम जातं. बॅटरी जुनी असेल आणि दिवसभर झाकण उघडझाप करत काम होत असेल, तर ही पायरी सोडून द्या. पुढे विचार बदलला तर त्याच कमांडमध्ये ऑफच्या जागी ऑन.

दुसरी सोय म्हणजे कॉम्पॅक्ट ओएस. यात विंडोजच्या स्वतःच्या फाइली दाबून ठेवल्या जातात आणि साधारण दोन जीबी सुटतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये तसंच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून जाऊन कॉम्पॅक्ट, स्पेस, तिरकी रेघ, कॉम्पॅक्टओएस हा सलग शब्द, कोलन आणि त्याला लागून क्वेरी असं टाइप केलं की ती आधीपासून चालू आहे का ते कळतं. लहान ईएमएमसीवर बरेचदा कारखान्यातूनच चालू असते. नसेल तर क्वेरीच्या जागी ऑलवेज. चार्जर लावून ठेवा, पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात आणि मध्येच बंद करायचं नाही.

व्हर्च्युअल मेमरीची फाइल बंद करू नका. रॅम कमी असलेल्या लॅपटॉपवर तिच्यावरच सगळं तग धरून असतं; ती गेली की ब्राउझरच्या चार टॅबमध्ये प्रोग्राम बंद पडायला लागतात. अपडेटसाठी राखलेली जागाही राहू द्या.

सामान बाहेर हलवणं

इथपर्यंत मिळालेली जागा टिकायची तर नवीन सामान आत येणं थांबवायला हवं. यासाठी एसडी कार्ड हा मला सगळ्यांत सोयीचा मार्ग वाटतो, अर्थात लॅपटॉपला कार्डाची खाच असेल तर. कार्ड घेतल्याबरोबर ते खरं आहे का ते तपासा, कारण १२८ लिहिलेलं आणि प्रत्यक्षात ८ जीबीचं असलेलं कार्ड सर्रास विकलं जातं. असं कार्ड कॉपी करताना तक्रार करत नाही. फाइल उघडायला गेलं की कळतं. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो. बराच वेळ खातो, पण ही चाचणी झाल्याशिवाय त्या कार्डावर काही ठेवू नका.

मग कार्ड एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. डिस्क मॅनेजमेंट उघडून त्याला एक ठरावीक अक्षर द्या, शक्यतो शेवटाकडचं, म्हणजे पेन ड्राइव्ह लावल्यावर अक्षरांची अदलाबदल होणार नाही. आता एक्सप्लोररमध्ये व्हिडिओज फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. कार्डावर आधीच केलेला व्हिडिओज नावाचा फोल्डर निवडा. थेट कार्डाचं मूळ ठिकाण निवडू नका, नंतर ते सोडवणं फार कटकटीचं होतं. तसंच पिक्चर्स, म्युझिक आणि डाउनलोड्स. डाउनलोड्स बाहेर गेलं की निम्मा त्रास तिथेच संपतो.

लोकेशनचा टॅब दिसत नसेल किंवा पत्त्यात वनड्राइव्ह असं लिहिलेलं असेल, तर तो फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये गेलेला आहे. नव्या लॅपटॉपवर सुरुवातीच्या सेटअपमध्येच हे बहुतेकदा चालू होतं. अशा फोल्डरमधली फाइल ‘क्लाउडवर आहे ना’ म्हणून लॅपटॉपवरून डिलीट केली तर ती क्लाउडवरूनही जाते. जागा हवी असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडायचं. मग फाइलपुढे निळ्या ढगाची खूण येते, नाव दिसत राहतं, आतला मजकूर क्लाउडवर राहतो आणि उघडताना इंटरनेट लागतं. चुकून डिलीट झालंच तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचा रीसायकल बिन लगेच बघा. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी, गुगलच्या खात्यात १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसह. गुगल ड्राइव्हचं ॲप टाकलंत तर ‘मिरर’ नको, ‘स्ट्रीम’ निवडा. मिरर अख्खं ड्राइव्ह लॅपटॉपवर उतरवतं.

प्रोग्राम मात्र कार्डावर टाकू नका. कार्ड काढलं की ते चालत नाहीत आणि वेगही मार खातो. फोटो, गाणी, व्हिडिओ, जुनी कागदपत्रं यांच्यासाठी कार्ड उत्तम.

अपडेटला जागा नाही म्हटलं तर

वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट कमी जागेवर अडतं. तेव्हा १० जीबी किंवा जास्त मोकळी जागा असलेला पेन ड्राइव्ह लावा. अपडेट जागा मागेल तेव्हा बाहेरचा ड्राइव्ह वापरण्याचा पर्याय मिळतो. काम पूर्ण होईपर्यंत तो काढू नका आणि नंतर लगेच पुसूही नका, कारण जुन्या विंडोजकडे परत जायचं झालं तर लागणाऱ्या फाइली त्याच्यावर असू शकतात.

एवढं करूनही पुरत नसेल

एसएसडीवाला लॅपटॉप असेल तर मोठी एसएसडी बसवा. विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलला एम.२ ची (एसएसडी बसवायच्या खाचेचा एक प्रकार) कोणती लांबी लागते, २२४२ की २२८०, आणि जोडणी साटा प्रकारची लागते की एनव्हीएमई, हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पाहून घ्या. काही ईएमएमसी लॅपटॉपमध्येही एम.२ ची रिकामी जागा असते. मॅन्युअलमध्ये तेही कळेल. झाकण उघडण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून बिटलॉकरची (ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की लिहून घ्या, कारण विंडोज ११ वर एन्क्रिप्शन तुमच्या नकळत चालू असू शकतं. मग ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूलने विंडोज घेऊन नव्या एसएसडीवर कोरं बसवा. बोर्ड तोच असल्याने ॲक्टिव्हेशन सहसा आपोआप होतं.

३२ जीबीच्या ईएमएमसीची गोष्ट वेगळी आहे. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा लॅपटॉपवर विंडोजशी झगडत बसण्यापेक्षा लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमपैकी एक टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. मिंटला किमान २० जीबी लागतात, फ्लेक्सला १६. दोन्ही पेन ड्राइव्हवरून, आतल्या विंडोजला धक्का न लावता चालवून बघता येतात. तसे एक-दोन दिवस वापरा, वायफाय, आवाज, टचपॅड आणि तुमचा प्रिंटर चालतोय का ते तपासा, आणि सगळं चाललं तरच इन्स्टॉल दाबा.